काळा धूर गेला, अण्णांची फियाट पास झाली!

कुंभार पिंपळगावच्या आमच्या घरासमोर कडुलिंबाखाली एक पत्र्याचे शेड आहे. त्यात एका बाजूला सरकी पेंडीची पोती, दुसऱ्या बाजूला फवारणीचे पंप आणि मधे अण्णांची फियाट. अण्णा म्हणजे आमचे वडील. गाडी १९८६ सालची. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. पण मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती आधी फियाट नावाने तयार होत असे, त्यामुळे गावाने तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. माझ्या बहिणीची पाठवणी हिच्यातूनच झाली. गावातल्या कितीतरी लेकी-सुना अवघडलेल्या अवस्थेत हिच्यातूनच अंबडला आणि जालन्याला दवाखान्यात गेल्या. अण्णांनी कधी कोणाकडून डिझेल-पेट्रोलचा पैसा मागितला नाही.

अण्णा गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. महिन्यातून एकदा चालू करायची, दहा मिनिटे चालवायची, बंद करायची. गाडी चालू झाली की शेड धुराने भरून जायचे. भिंतीवर काजळी धरली होती. "जुनी गाडी आहे, धूर सोडणारच," असे म्हणून आम्ही सोडून देत होतो.

अशातच नोंदणीची मुदत संपत आली. आपल्याकडे खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पुढे वाढवून घ्यावी लागते आणि त्या वेळी पीयूसीचा, म्हणजे धूर तपासणीचा, दाखला लागतो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता बस झालं. भंगारवाला दारात येऊन भाव सांगून गेलाय. ह्या गाडीला पीयूसी कोण देनार?" त्याचेही चूक नव्हते. पण बाईंनी, म्हणजे आमच्या आईने, जेवता जेवता एवढेच म्हटले, "बैल म्हातारा झाला म्हनून तुमच्या बापानं कधी कसायाला दिला नव्हता." पुढे कोणी बोलले नाही.

परीक्षेत नापास

दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि रस्त्यावरच्या एका तपासणी केंद्रावर नेली. तिथल्या मुलाने सायलेन्सरच्या नळीत सुमारे हातभर सळई घातली, यंत्राचे आकडे पाहिले आणि मान हलवली. कार्बन मोनॉक्साइड ६.८ टक्के. हायड्रोकार्बन १९००.

हे आकडे म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीची तपासणी ती जागेवर उभी, इंजिन आरामात चालू असताना होते. यंत्र मुख्यतः दोन गोष्टी पाहते. एक कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वायू. दुसरी हायड्रोकार्बन, म्हणजे मुळीच न जळता बाहेर पडलेले पेट्रोल आणि ऑइल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ११५ व्या नियमात याच्या मर्यादा दिल्या आहेत. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत १५०० भागांपर्यंत चालते. त्यानंतरच्या गाड्यांना ही मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० इतकी कडक आहे. दुचाकींचे असे : ३१ मार्च २००० पूर्वीच्या गाडीला ४.५ टक्के आणि ९०००. त्यानंतरच्या दुचाकींना ३.५ टक्के, आणि हायड्रोकार्बन टू-स्ट्रोकला ६००० व फोर-स्ट्रोकला ४५००. भारत स्टेज चार आणि सहाच्या नव्या गाड्यांचे निकष निराळे आहेत.

म्हणजे कायदा जुन्या गाडीकडून नव्या गाडीची अपेक्षा करत नाही. ती ज्या काळात तयार झाली, त्या काळाच्या मानानेच तिला जोखतो. आमची फियाट मात्र त्या मापातही दुपटीने नापास झाली होती.

पित्त नव्हे, विष!

केंद्रावरच्या मुलाने विचारले, "गाडी कुठं चालू करता?" मी म्हटले, "शेडमध्ये." "दार लावून?" "थंडीत लावतो की." तो गप्प झाला. मग म्हणाला, "काका, ते बंद करा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागच्या थंडीत पुतण्या गाडीत बसून खेळत होता. गाडी चालू, दार लोटलेले. थोड्या वेळाने तो डोके धरून बाहेर आला आणि ओकला. आम्ही म्हटले, पित्त झाले असेल. आल्याचा रस दिला. ते पित्त नव्हते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात जातो आणि रक्तातली प्राणवायूची जागा अडवून बसतो. आधी डोके दुखते, मळमळते, गळून जायला होते. आणि माणूस तिथेच बसून राहिला तर झोपेतच संपतो. पोरगा उठून बाहेर आला म्हणून वाचला. दाखला, दंड, नोंदणी या सगळ्या पुढच्या गोष्टी. गाडीचा धूर दुरुस्त करायचा तो आधी आपल्या लेकरांसाठी, हे त्या दिवशी मला कळले.

म्हणून वाचकहो, बाकी लेख विसरलात तरी एवढे विसरू नका : बंद शेडमध्ये, गोठ्यात किंवा पडवीत पेट्रोलचे कोणतेही इंजिन चालू ठेवू नका. मग ती मोटार असो, मोटारसायकल असो, जनरेटर असो की फवारणीचा पंप.

चूल, स्टोव्ह आणि कार्बोरेटर

आमच्या भागात जुन्या गाड्यांचे एक वयस्क मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते आले, गाडी चालू केली, कान लावून ऐकले आणि म्हणाले, "भाऊ, इंजनाला खायला लई आन् श्वास कमी. धूर नाही तर काय निघंल?"

त्यांनी सांगितलेले असे. जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करतो. इंजिन हवा ओढते, त्या हवेच्या ओढीने बारीक छिद्रांतून पेट्रोल वर येते आणि फवारा होऊन हवेत मिसळते. ही छिद्रे म्हणजे जेट. पेट्रोल पुरते जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, काजळी धरते. हवा फार झाली की ठिणगी पडूनही मिश्रण कधी पेटते, कधी पेटत नाही. न पेटलेले पेट्रोल तसेच बाहेर जाते आणि हायड्रोकार्बन वाढतो.

बाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी आपला रॉकेलचा स्टोव्हच की. जाळ पिवळा झाला, भांडं काळं झालं, की हवा कमी." चाचा हसले. "भाबी, तुमी मिस्त्री व्हायला पायजे होतं."

आताच्या नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर गेला. पण आपल्या गावांत अजून हजारो चेतक, लुना, राजदूत, जुन्या जीपा आणि कार्बोरेटरच्या मोटारसायकली चालू आहेत. त्यांची दुरुस्ती हातानेच व्हायची.

पहिल्या दिवशी काय केले?

माझी समजूत अशी की चाचा आल्याबरोबर स्क्रू फिरवतील आणि काम होईल. त्यांनी स्क्रूला हातही लावला नाही. म्हणाले, "आधी रान साफ करावं, मंग पेरावं."

पहिले पाहिले ते चोकचे. थंड इंजिन चालू करताना हवा कमी करणारी ती झडप. डॅशबोर्डवरची मूठ आत ढकलली तरी तार गंजल्यामुळे झडप अर्धी बंदच राहत होती. म्हणजे गाडी बारा महिने नाक दाबून पळत होती! तार बदलली.

मग एअर फिल्टर. तो उघडला तर आत कापसाची रुई, धूळ आणि एका कोपऱ्यात उंदराने नेलेली तुरीची टरफले. आपल्याकडच्या मातीच्या रस्त्यांवर फिल्टर शहरापेक्षा लवकर भरतो. नवा टाकला.

त्यानंतर ठिणगी. चारही प्लग काढून ओळीने ठेवले. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. वैद्य जीभ पाहतो तसा मिस्त्री प्लग पाहतो. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओले तेलकट काळे म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह पाहावे लागतील. पांढराफटक म्हणजे हवा जास्त, इंजिन तापते आहे. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे तब्येत ठीक. आमचे चारही कोरडे काळे. चाचांना आनंद झाला. "इंजन चांगलं हाय, खाण्यातच गडबड हाय."

प्लग नवे घातले. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासून त्यांची फट मापाची केली. या जुन्या फियाटला ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर लागते; आपापल्या गाडीचे माप तिच्या पुस्तकात पाहावे. टॅपेट पाहिले, टायमिंग पाहिले. हे सगळे झाल्यावरच कार्बोरेटर उतरवला.

तारेने केलेला घात

कार्बोरेटर उघडल्यावर दोन दोष निघाले. पहिला दोष सुईच्या व्हॉल्व्हचा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी टाकी असते, तिच्यात तरंगणारा फ्लोट. पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो आणि सुई दाबून वाट बंद करतो. विहिरीवरच्या हौदाला असतो तसाच हा प्रकार. सुई झिजल्यामुळे पेट्रोल थांबत नव्हते आणि पातळी वर राहत होती.

दुसरा दोष माणसाने केलेला. काही वर्षांपूर्वी गाडी जागेवर बंद पडते म्हणून बाहेरगावी एका गॅरेजात दाखवली होती. तिथे स्लो जेट तारेने टोकरून साफ केला होता. चाचांनी तो उजेडाकडे धरून दाखवला. छिद्र वाकडे आणि मोठे झालेले. स्टोव्हला पिन मारतो तशी कार्बोरेटरला तार मारू नये. स्टोव्हची पिन त्या छिद्राच्या मापाची केलेली असते. आपली तार पितळेला चरे पाडते, आणि केसाएवढा फरक पडला तरी पेट्रोल वाढते. जेट धुवावा, हवेच्या दाबाने फुंकावा, आणि झिजला असेल तर त्याच नंबरचा नवा टाकावा.

जेट, सुई आणि गास्केटचा संच जालन्याहून आणला. कार्बोरेटरच्या बुडाखालचे गास्केट फाटले असेल तर तिथून चोरून हवा शिरते आणि मग कितीही स्क्रू फिरवा, इंजिन स्थिर होत नाही. तसेच सायलेन्सरला भोक असेल तर यंत्रावरचे आकडे खोटे येतात आणि तपासणीच धरत नाहीत. आमच्या सायलेन्सरला एक भोक होते, ते जोडून घेतले.

आपल्याच उसाची करामत

पेट्रोलच्या नळ्या हाताला चिकट लागत होत्या. चाचांनी त्याही काढायला लावल्या. कारण ऐकून मला गंमत वाटली. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यातले पुष्कळसे उसापासून होते. म्हणजे आपण कारखान्याला घातलेला ऊस फिरून आपल्याच गाडीच्या टाकीत येतो! शेतकऱ्याच्या दृष्टीने गोष्ट चांगली. पण १९८६ च्या गाडीचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. इथेनॉलने जुने रबर फुगते, भेगाळते. ते पाणीही ओढून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणून नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्याव्यात, पेट्रोलचा फिल्टर बदलावा आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी रस्त्यावर फिरवावी. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रण थोडे हलकेही होते. तेव्हा जुन्या पेट्रोलवर लावलेला स्क्रू पुन्हा एकदा पाहून घेणे बरे.

माझी घाई नडली

गाडी जोडून झाली. चाचांना दुसऱ्या गावी जायचे होते. म्हणाले, "सेटिंग उद्या करू." मला दम कुठला! मी ऐकले होते की मिश्रणाचा स्क्रू आत पिळला की पेट्रोल कमी होते. मी तो पिळला आणि गाडी घेऊन केंद्रावर गेलो. कार्बन मोनॉक्साइड १ टक्क्याच्याही खाली! मी खूष. पण हायड्रोकार्बन २४००. पुन्हा नापास. इंजिन थरथरत होते, मधेच एखादा ठोका चुकत होता. हवा इतकी वाढली होती की पेट्रोल पेटतच नव्हते.

चाचा दुसऱ्या दिवशी रागावले. "भाऊ, पोराला परीक्षेत पास करायला उपाशी ठेवलं तर ते पास व्हतं का? चक्कर येऊन पडतं." आणि हेही सांगितले की असे उपाशी इंजिन चढावर तापते, व्हॉल्व्ह जळतात. दाखल्यापुरता स्क्रू पिळायचा आणि घरी येऊन पुन्हा सोडायचा, हा धंदा म्हणजे स्वतःलाच फसवणे.

त्यांनी केलेली पद्धत अशी. गाडी आधी पाच-सात किलोमीटर पळवून पुरती गरम केली. चोक पूर्ण उघडा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पुरता आत नेला. जोर लावला तर त्याच्या टोकाला खाच पडते. मग दीड ते दोन फेरे बाहेर काढला. वेगाच्या स्क्रूने इंजिन आरामाच्या वेगावर आणले. आता मिश्रणाचा स्क्रू थोडा थोडा आत, इंजिन अडखळू लागेपर्यंत. मग बाहेर, ते सर्वांत गुळगुळीत आणि जोमात चालेपर्यंत. तिथून अगदी किंचित आत, फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा. वेग बदलला तर वेगाचा स्क्रू पुन्हा लावला आणि हे सगळे आणखी एकदा केले. काम कानाचे आहे, बळाचे नाही.

दुचाकीवाल्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. सगळे स्क्रू सारखे नसतात. काही कार्बोरेटरवर तो पेट्रोलच्या मिश्रणाचा असतो. आत नेला की पेट्रोल कमी. काहींवर तो नुसत्या हवेचा असतो. आत नेला की हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त. आपला कोणता, ते आधी विचारून घ्यावे, नाहीतर उलटाच कारभार होतो.

टू-स्ट्रोक गाड्यांचा निम्मा धूर ऑइलचा असतो. चेतकला २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर टू-टी ऑइल पुरते. "थोडं जास्त असू द्या, इंजिन टिकेल" म्हणून अंदाजाने ओतले की सायलेन्सर काजळीने बुजतो. ऑइल मापानेच घालावे आणि सायलेन्सर साफ करून घ्यावा. रॉकेलची भेसळ तर कोणत्याच गाडीत करू नये. डिझेल जीपची तपासणी वेगळी असते. तिथे वायू नव्हे, धुराचा काळेपणा मोजतात.

पास!

तिसऱ्या वेळी गाडी गरम असतानाच केंद्रावर नेली. सळई आत गेली. आकडे वर चढले, खाली आले, थांबले. कार्बन मोनॉक्साइड २.१. हायड्रोकार्बन ६४०. नंबरप्लेटसह गाडीचा फोटो निघाला, दाखला छापून आला. जुन्या गाडीचा दाखला ६ महिने चालतो. भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या गाडीचा वर्षभर.

खरे सांगायचे तर, काही वर्षांपूर्वी आम्ही एकदा गाडी न नेताच ओळखीने दाखला आणवला होता. तेव्हा हुशारी वाटली होती. त्या कागदानेच आम्हाला आंधळे केले. गाडी तेव्हा खरोखर तपासली असती तर पुतण्यावर ती वेळ आली नसती. आणि दाखला नसताना सापडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मिस्त्रीचे बिल त्याहून बरेच कमी झाले.

आणखी एक गैरसमज गावोगाव आहे : १५ वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते. जुन्या गाड्यांवरचा वयाचा तो निर्बंध दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशासाठीचा आहे. आपल्याकडे खाजगी गाडी तपासणीत टिकली तर नोंदणी वाढवून मिळते. फी आणि पर्यावरण कर किती, ते आरटीओत आधी विचारून जावे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, कारण तिथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा होती.

संध्याकाळी गाडी घरी आणली तेव्हा बाई ओट्यावर होत्या. मी इंजिन बंद करण्याआधी त्या मागे गेल्या आणि एक पांढरा रुमाल सायलेन्सरसमोर धरला. चुलीवरचे भांडे पाहावे तसा उलटून पाहिला. रुमाल जवळजवळ पांढराच होता. त्या म्हणाल्या, "आता भरला तुझ्या बापाच्या गाडीनं श्वास." भंगारवाला पुन्हा आला, तेव्हा धाकट्या भावानेच त्याला पाणी देऊन वाटेला लावले.

शेडचे दार आम्ही काढून टाकले आहे. गाडी आता उघड्यावर, कडुलिंबाखाली चालू होते.

एवढे ध्यानात ठेवा

● तपासणीला इंजिन गरम करून, चोक पूर्ण उघडा ठेवूनच जा.
● एअर फिल्टर आणि प्लग आधी, कार्बोरेटर नंतर, स्क्रू सर्वांत शेवटी.
● जेटमध्ये तार घालू नका. झिजलेला जेट त्याच नंबरच्या नव्या जेटने बदला.
● पेट्रोलच्या जुन्या नळ्या बदला. टपकणारी नळी म्हणजे आगीला निमंत्रण; काम करताना बिडी-काडी दूर.
● कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जास्त. एकटे हायड्रोकार्बन जास्त असेल तर ठिणगी, ऑइल किंवा फाजील हवा पाहा.
● फवारणीच्या पेट्रोल पंपालाही हेच नियम. हंगाम संपला की त्यातले पेट्रोल काढून ठेवा.
● बंद जागेत इंजिन कधीही चालू ठेवू नका. कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले, तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि मग दवाखान्यात न्या.